रायफल, ब्रिटिश लष्करी

ब्रिटिश पायदळाच्या रायफलींचा विकास हा मुख्यत्वे काडतुसांच्या विकासाचा इतिहास आहे. नळीतील मळसूत्री आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळून नेम अचूक साधतो, हे तत्त्व जुनेच होते. १८०० मध्ये बेकर रायफल निवडक तुकड्यांना देण्यातही आली. परंतु आट्यांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून ठासण्यास वेळ लागे. त्यामुळे बहुसंख्य सैनिकांच्या हाती गुळगुळीत नळीच्या बंदुकाच राहिल्या.

मीन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ गोळी प्रचारात आणली. ती नळीत सहज सरके व बार उडताच फुगून आट्यांत रुते. याच धर्तीच्या गोळीवर १८५३ ची एन्फील्ड रायफल (नळीचा अंतर्व्यास ०·५७७ इंच, सु. १४·७ मिमी.) आधारलेली होती. तिचे वंगण लावलेले कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. त्याला गाईची व डुकराची चरबी लावल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे पसरली. काडतूस हाताने फाडण्याची मुभा दिली गेली, तरी संशय फिटला नाही. बहुतेक शिपायांना ही रायफल तोवर मिळालीही नव्हती, हे लक्षणीय आहे. उठावानंतर हिंदी सैनिकांना याच घडणीच्या, पण आटे नसलेल्या बंदुका देण्यात आल्या. येथे शस्त्राचा नमुना राज्यकर्त्यांच्या अविश्वासाने ठरविला.

१८६६ च्या स्नायडर पद्धतीत जुन्याच एन्फील्ड रायफली काटकसरीने मागून भरण्याजोग्या केल्या गेल्या. १८७१ च्या मार्टिनी–हेन्री रायफलीची पातळ पितळी पत्र्याची काडतुसे सूदानच्या मोहिमेत (१८८४-८५) अडकू लागली. १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये बोल्ट, गोळ्यांची पेटी व ०·३०३ इंची काडतूस एकत्र आले. मात्र कॉर्डाइट या धूररहित दारूच्या उष्णतेने तिचे उथळ आटे झिजत. म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एन्फील्ड निघाली. बोअर युद्धानंतर, १९०३ मध्ये, पायदळ व घोडदळ यांसाठी एकच आखूड नमुना ठरला. त्याच्या पेटीत १० गोळ्या मावत. १९१४ चा कसलेला सैनिक तिच्यातून मिनिटास नेम धरून १५ गोळ्या सहज झाडी.

ब्रिटिश सेनेने १९५४ मध्ये स्वयंभरणी रायफल व १९८५ मध्ये एसए ८० स्वीकारली. भारतात ईशापूर येथेही तयार झालेली ‘थ्री-नॉट-थ्री’ पोलिसांकडे त्यानंतरही दीर्घकाळ राहिली; २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांचा सामना करणाऱ्या पोलिसांच्या हाती तीच होती.