ह्रस्व-दीर्घाचे कारभारी

शुद्धलेखनाचा नियम काय असावा, यावर आपल्या मंडळींनी पिढ्यानपिढ्या रणे माजवली. परंतु तो नियम करणाऱ्यांना नेमावयाचे कोणी, या प्रश्नाकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

धाराशिवजवळच्या बेंबळीसारख्या गावातून पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. दरबाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि कचेरीत मराठी आली. पण कोणाची मराठी? 'कोणचा' म्हणणाऱ्या पोराने वहीत 'कोणता' लिहावे, हे पुण्याने परस्पर ठरवले असते, तर तोही एक परका हुकूमच वाटला असता.

1961 साली साहित्य महामंडळ स्थापन झाले ते पुणे, मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा येथील चार साहित्यसंस्थांचे मिळून. त्याने केलेले 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले. 1972 साली आणखी 4 जोडले गेले. 'कोणता' त्यांत आला, तसेच बोलण्यातले 'असं केलं' संभाषणात तसेच लिहिण्याची मुभाही आली. महामंडळाजवळ ना फौज, ना दंडाचा अधिकार. सारा कारभार हौसेचा. मग त्याचे ऐकावे का? एक कारण मला त्याच्या घडणीत दिसते. महामंडळाचे कार्यालय एका गावी कायम राहत नाही. तीन-तीन वर्षांनी ते एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते, आणि अध्यक्षपदही त्या संस्थेकडे जाते. गादी कोणाच्याच घरची होत नाही.

संगणकांच्या महाजालाचे नियम करणाऱ्या स्वयंसेवी अभियंत्यांनी याच दुखण्यावर निराळे औषध काढले. 1992 साली वरच्या मंडळाने परस्पर दिशा ठरवू पाहिली, तेव्हा मोठे बंड झाले. त्यातून आलेली रीत अशी की, पुढारी निवडणाऱ्या समितीचे मतदार सभासद इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून काढावयाचे. प्रचाराला जागाच नाही! आपल्या साहित्यिकांना ही रीत पचली असती, असे मला वाटत नाही.

फिरत्या गादीतही खोट आहेच. पाळीने येणारा मनुष्य संस्था चालवण्यात तरबेज असेल. तो व्याकरणाचा जाणकार असेलच असे नाही. शिवाय तीन वर्षे ती किती! त्यांतली बरीच संमेलनाच्या मांडवात खर्च होतात.

त्या मांडवाच्या अध्यक्षाचीही पूर्वी मतदानाने निवडणूक होत असे, आणि मतपत्रिकांसाठीची वणवण पाहून भले भले लेखक उभेच राहत नसत. 2018 साली घटना बदलून मतदान बंद झाले. या नव्या रीतीने निवडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020मध्ये अध्यक्ष म्हणून आले ते उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवला. महामंडळाचे कार्यालय तेव्हा मराठवाड्याच्या पाळीत औरंगाबादेस होते. 2022 साली ते मुंबईस गेले, 2025 साली पुण्यास.