उटणे, वांग आणि गजकर्ण : त्वचेच्या निगेतील काही चुकांचा शब्देतिहास

शरीराच्या निगेचा इतिहास लिहिताना ग्रंथांतील विधानांपेक्षा नित्याच्या शब्दांचा साक्षीपुरावा पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. ग्रंथ आदर्श सांगतात, शब्द रूढी सांगतात. रूढीत शिरलेली चूकही शब्द जपून ठेवतात. त्वचेच्या निगेसंबंधीच्या तीन मराठी शब्दांचा या दृष्टीने येथे विचार करावयाचा आहे.

पहिला शब्द 'उटणे'. संस्कृत 'उद्वर्तन', प्राकृत 'उव्वट्टण' आणि मराठी 'उटणे' अशी याची सरळ परंपरा आहे. हिंदी 'उबटन' हे त्याचेच भावंड. आज 'उटणे' म्हटले की सुगंधी चूर्ण डोळ्यांपुढे येते, परंतु मूळ शब्द वस्तूचा नसून क्रियेचा आहे. त्याचा अर्थ अंग चोळणे. सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा जो क्रम दिला आहे तो असा : प्रथम तेलाचा अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन, मग स्नान. उद्वर्तन हे तेल लावलेल्या अंगावर करावयाचे होते, हे या क्रमावरून स्पष्ट होते. उन्हउन्हीत पाण्याने मानेखालचे शरीर न्हाणे बलवर्धक, पण तेच डोक्यावर घेणे केसांना व डोळ्यांना अपायकारक, असा विवेकही तेथे आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील ग्रंथ स्नानाला राजोपभोगांत स्थान देतो. 'लीळाचरित्रा'त 'मर्दना' आणि 'मादणे' हे शब्द जोडीनेच येतात. मर्दन आधी, स्नान नंतर, हा क्रम मराठीच्या आरंभकाळीही अंगवळणी पडलेला होता असे यावरून म्हणता येते.

क्रियेचा शब्द वस्तूचा झाला, आणि क्रमाची आठवण पुसली गेली. नरकचतुर्दशीचा अपवाद सोडला, तर आज उटणे बहुधा कोरड्या अंगावर घासले जाते आणि त्यावर साबण लावला जातो. 'साबण' हा शब्द बाहेरून आलेला. अरबी 'साबून' आणि पोर्तुगीज 'सबाँव' ही दोन्ही रूपे अखेर लॅटिन 'सापो'शी जाऊन पोचतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याचा सामू सुमारे 5 असतो. साबणाच्या वडीचा सामू साधारणतः 9 ते 10 असतो. भरड चूर्ण, अल्कधर्मी साबण आणि कढत पाणी ही तिन्ही एकत्र आली की त्वचेतील स्निग्धांश धुऊन जातो. देशावरच्या हिवाळ्यात 'अंग उलते' अशी तक्रार घरोघर ऐकू येते. तिचा दोष थंडीइतकाच या न्हाण्याकडेही जातो. कोमट पाणी घ्यावे, साबण काखा-जांघांसारख्या भागांपुरता वापरावा आणि अंग ओलसर असतानाच तेल लावावे, एवढ्याने बरेच काम होते.

दुसरा शब्द 'वांग'. गालांवर व कपाळावर येणाऱ्या काळसर डागांना हे नाव आहे. ते आयुर्वेदातील 'व्यंग' या संज्ञेपासून आले. सुश्रुताने व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत केली असून त्याचे कारण क्रोध आणि श्रम यांत पाहिले आहे. कारणमीमांसा आज निराळी आहे : ऊन, गर्भारपण, अंतःस्रावांतील बदल आणि आनुवंशिकता. परंतु प्राचीनांनी वांगाला विकार म्हटले, मळ म्हटले नाही, हे महत्त्वाचे. आपल्या बोलण्यात मात्र मळ आणि वर्ण यांची गल्लत झाली आहे. 'रंग मळकट आहे', 'चेहरा उजळला', 'काळवंडलेला चेहरा निघेल' अशा प्रयोगांत काळेपणा हा घासून काढण्याजोगा थर मानलेला दिसतो. या समजुतीतूनच लिंबू चोळण्याची चाल आली. लिंबाच्या सालीतील काही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि ऊन लागले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग उलट गडद होतात. गोरेपणाच्या मलमांनी याच समजुतीवर बाजारपेठ उभारली. 1975 साली निघालेल्या 'फेअर अँड लव्हली'ने आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द 2020 साली टाकला. नाव बदलले, समजूत इतक्या लवकर बदलत नाही. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेजवळ हळद सर्वांगी गुणकारी मानली जाणे स्वाभाविक आहे, पण हळदीनेही काहींच्या त्वचेला दाह होतो. नवी वस्तू चेहऱ्यावर लावण्यापूर्वी काही दिवस हाताच्या आतल्या बाजूस लावून पाहावी.

तिसरा शब्द 'गजकर्ण'. कानासारख्या आकाराच्या चट्ट्यावरून पडलेले हे नाव बुरशीजन्य विकाराला आहे. 'नायटा' हा त्याचाच घरगुती पर्याय. नाव आकारावरून पडल्यामुळे कोणताही गोल, खाजरा चट्टा गजकर्णच समजला जातो, आणि दुकानातून एकच मलम आणून लावले जाते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज तत्काळ थांबते, परंतु बुरशी निर्वेधपणे वाढते. हेच मलम वांगावर लावले की चेहरा आरंभी उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि लावणे थांबवताच लाली व पुटकुळ्या उसळतात. माधवनगरात प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका स्त्रीने शेजारणीच्या सांगण्यावरून असे मलम दोन वर्षे लावले. ते सोडल्यावर कित्येक महिने ती पदराआड तोंड झाकून वावरत होती. 'मलम कसले, तर डागांचे', एवढीच तिला माहिती होती. 2018 साली केंद्र शासनाने 14 स्टेरॉइडयुक्त त्वचौषधे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत अशा सूचीत घातली. नियम झाला, तरी शेजारच्या सल्ल्याला चिठ्ठी लागत नाही.

या तिन्ही शब्दांतून एक स्थित्यंतर दिसते. जुन्या मराठीत निगा 'अंगा'ची होती : अंग चोळणे, अंग धुणे, अंगाला तेल लावणे. आजची निगा 'चेहऱ्या'ची आणि त्यातही 'रंगा'ची आहे. अंगाची निगा आरोग्याकडे पाहत होती, रंगाची निगा दुसऱ्याच्या नजरेकडे पाहते. जुने सर्व चांगले होते असा याचा अर्थ नव्हे. सुश्रुताचे निदान आज ग्राह्य नाही, आणि गजकर्णावर बुरशीनाशक औषध वैद्याच्या सल्ल्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत घेणे हाच मार्ग आहे. तथापि विकार, मळ आणि वर्ण हे तीन भिन्न पदार्थ आहेत. मळ धुवावा, विकारावर उपचार करावा, वर्ण आहे तसा राहू द्यावा. भाषेत या तिहींना पृथक् शब्द आहेत. ते पृथक् ठेवून बोलण्याची सवय लागली, तर पुष्कळ चुका आरशापर्यंत पोचण्याआधीच टळतील.