शब्द नसलेलं गाणं आणि तीस पौंड

आज गोष्ट सांगणार आहे ती विलायतेतल्या एका गाणाऱ्या बाईची. तिचं नाव क्लेअर टॉरी.

इंग्लंडात 'पिंक फ्लॉइड' नावाचा चार पुरुषांचा वाद्यवृंद होता. १९७३ साली त्यांची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही गाण्यांची तबकडी निघाली. नावाचा अर्थ, चंद्राची काळोखी बाजू. हातातून निसटणारा वेळ, पैसा, वेडेपण, मरण असे सगळ्यांच्या घरातले विषय त्यात आहेत. सुरुवात आणि शेवट काळजाच्या ठोक्यांनी होतो. साडेचार कोटींच्या आसपास प्रती खपल्याचा अंदाज आहे. आजही कितीतरी लोक ती मधे न थांबवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात.

त्यात मरणावरचं एक गाणं आहे. पियानो वाजतो आणि बाईचा आवाज येतो. शब्द एकही नाही. आवाज आकांत करतो, चढतो, मग थकून शांत होतो. भाषा न कळणाऱ्यालाही तो कळतो. ऐकणारे या तबकडीचं नाव काढतात तेव्हा तो आवाज हमखास आठवतात.

तो आवाज क्लेअरचा. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी तिला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं. वय पंचवीस. हातात ना शब्द, ना लिहिलेली चाल. आपण जणू एखादं वाद्यच आहोत असं मानून ती गायली. दोनदा पूर्ण गायली, तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबली. रविवारच्या कामाचा दर ३० पौंड. तेवढे घेऊन घरी गेली. आपलं गाणं ठेवतील असंही तिला वाटलं नव्हतं.

तबकडीवर गायिका म्हणून तिचं नाव आलं. पण रचनाकार म्हणून नाव लागलं फक्त पियानो वाजवणाऱ्या रिचर्ड राइट यांचं. यातला फरक समजून घ्या. गाणाऱ्याला एका दिवसाची मजुरी मिळते. रचणाऱ्याला गाणं जितकं खपेल, वाजेल, तितका वाटा वर्षानुवर्षं मिळत राहतो.

२००४ साली, एकतीस वर्षांनी, क्लेअर कोर्टात गेली. गळ्यातून निघालेली ती चाल मीच तिथे रचली, हे तिचं म्हणणं. २००५ मध्ये तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, पण त्यानंतरच्या प्रतींवर राइट यांच्यासोबत तिचंही नाव रचनाकार म्हणून छापलं जातं.

ऐकणाऱ्यांनी तिला पहिल्यापासून डोक्यावर घेतलं होतं. पण कौतुकाने हक्क लागत नाही, तो कागदावर लागतो. आपण गटात मसाल्याचं प्रमाण ठरवतो, गोधडीची नक्षी काढतो. ऑर्डर घेताना मजुरी लिहितोच; नक्षी कुणाची, तेही त्याच दिवशी वहीत लिहूया.