तरुणपणीचा उच्च रक्तदाब : तिशीआधी मोजावा, आयुष्यभर सांभाळावा

भोपाळच्या जुन्या शहरात, चौक बाजाराच्या आसपास, दुधाच्या चहात चिमूटभर मीठ घालण्याची रीत आहे. सकाळी पोहे-जिलेबी, पोह्यांवर मूठभर शेव, संध्याकाळी पुन्हा नमकीन आणि चहा, असा या शहराचा खाण्याचा क्रम. महाराणा प्रताप नगर म्हणजे एमपी नगर या भागात शिकवणी वर्गांची दाटी आहे. विदिशा, बैतूल, छिंदवाडा अशा जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली येथे खोल्या घेऊन राहतात, खाणावळीत जेवतात आणि रात्री उशिरापर्यंत जागून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. आजार म्हणजे ताप, खोकला किंवा पोटाचे दुखणे, एवढीच त्यांची व्याख्या असते. रक्तदाब ही त्यांच्या दृष्टीने आई-वडिलांची, किंबहुना आजी-आजोबांची गोष्ट.

मग कधी रक्तदानाच्या शिबिरात, कधी नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत दंडाला पट्टा बांधला जातो आणि यंत्रावर १५०/९६ असा आकडा उमटतो. बहुतेक वेळा त्याची बोळवण एकाच वाक्याने होते: ‘घाबरल्यामुळे वाढला असेल.’ कधी ते खरेही असते. परंतु ते खरे आहे की नाही, हे पुन्हा मोजल्याखेरीज कळत नाही. आणि पुन्हा मोजण्याचे राहून जाते, तेथेच तरुणपणीच्या उच्च रक्तदाबाची खरी अडचण सुरू होते. भोपाळमध्ये जे घडते, तेच पणजी, पुणे किंवा बेंगळुरूमध्ये घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांच्या बाबतीतही घडते.

आकड्यांचा अर्थ

हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा आणि हृदय सैल होताना उरणारा दाब म्हणजे खालचा आकडा. दोन्ही मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर भारतातील प्रचलित निकषानुसार त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोहोंपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी निदान होते. तरुणांमध्ये पुष्कळदा केवळ खालचा आकडा चढलेला आढळतो आणि ‘वरचा तर ठीक आहे’ म्हणून तो दुर्लक्षिला जातो. घरी शांतपणे घेतलेल्या नोंदींसाठी हीच सीमा १३५/८५ धरतात. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०१७ साली ती १३०/८० पर्यंत खाली आणली. म्हणजे १३० ते १३९ दरम्यानचा वरचा आकडाही निश्चिंत राहण्याजोगा नाही.

तिशीआधीची फट

२०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया वाढलेला रक्तदाब असलेल्या किंवा त्यासाठी औषध घेणाऱ्या आढळल्या. या गटात तरुणही आहेत. मात्र असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील सार्वत्रिक तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. मर्यादित मनुष्यबळात अधिक धोक्याच्या वयोगटाला अग्रक्रम देणे समजण्याजोगे आहे. तरीही शाळा सुटल्यापासून तिशीपर्यंतच्या दहा-बारा वर्षांत तरुणाच्या दंडाला पट्टा बांधण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

ही वर्षे निरुपद्रवी नसतात. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यास १८ ते ३० वर्षे वयाच्या तरुणांवर ‘कार्डिया’ नावाचे दीर्घकालीन अध्ययन सुरू झाले. त्यातील सुमारे पाच हजार जणांच्या नोंदींवरून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की चाळिशीपूर्वी ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांच्यात पुढे हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक राहिले. वाढलेला दाब वर्षानुवर्षे हृदयाचा स्नायू जाड करतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजवतो आणि डोळ्यांच्या पडद्यावर खुणा सोडतो. यातले काही दुखत नाही, म्हणून काही बिघडले आहे याची चाहूलही लागत नाही. पंचविसाव्या वर्षी सुरू झालेला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सापडलेला रक्तदाब शरीरात वीस वर्षे काम करून गेलेला असतो.

सापडल्यावर तो आटोक्यात आणता येतो, याचा अनुभव मात्र आपल्याजवळच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यात होती. गोव्याला लागून असलेला सिंधुदुर्ग जिल्हाही पहिल्या टप्प्यात होता. उपक्रमाची पाच सूत्रे साधी होती: सर्वांसाठी एकच सोपा उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांसह परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांनी वाटून घेतलेले काम, रुग्णाला घराजवळ मिळणारी सेवा आणि प्रत्येकाच्या पाठपुराव्याची नोंद. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्तरावरील पुरस्कार मिळाला. त्यामागे नवे औषध नव्हते. जुनीच, स्वस्त औषधे न चुकता मिळणे आणि न चुकता घेतली जाणे, एवढेच त्याचे रहस्य होते.

मोजण्याची रीत

चुकीचे मोजमाप निष्कारण घाबरवते किंवा निष्कारण निश्चिंत करते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान व व्यायाम टाळावा. लघवी करून यावे. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा आणि पट्टा जाड कपड्यावरून बांधू नये. मोजताना बोलू नये. दंडाच्या मानाने पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच वाढून येतो. व्यायामशाळेत दंड कमावलेल्या आणि स्थूल तरुणांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या वेळी दोन्ही दंडांत मोजावे आणि ज्यात अधिक भरेल, तोच हात पुढे वापरावा.

घरच्या नोंदीसाठी दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. मनगटावरच्या यंत्रांवर फार विसंबू नये. सात दिवस सकाळी औषधापूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी प्रत्येकी दोन वेळा मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. डॉक्टरांना पाहूनच वाढणारा रक्तदाब आणि दवाखान्यात लपून घरी वाढणारा रक्तदाब, हे दोन्ही याच कागदावरून उघड होतात.

कारण शोधणे आवश्यक

प्रौढांमधील बहुतेक उच्च रक्तदाबाला एकच असे कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वजन, मीठ, बैठे काम यांचा तो एकत्रित परिणाम असतो. तरुणांमध्ये मात्र दुसऱ्या एखाद्या विकारामुळे रक्तदाब वाढला असण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. विशेषतः वय तिशीच्या आत, वजन बेताचे आणि कुटुंबात कोणाला रक्तदाब नाही, अशा वेळी थेट गोळीवर न थांबता कारणाचा शोध घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचे विकार, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद होणे, अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक जास्त स्रवणे, थायरॉईडचे दोष, जन्मतः महारोहिणीचा एखादा भाग चिंचोळा असणे आणि झोपेत श्वास अडखळणे ही त्यांतली प्रमुख कारणे. मोठ्याने घोरणारा, दिवसा डुलक्या घेणारा तरुण हा केवळ थट्टेचा विषय नव्हे.

काही कारणे औषधांच्या डब्यात असतात. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणे, बंद नाक मोकळे करणारी काही औषधे, स्टेरॉईड, काही गर्भनिरोधक गोळ्या, व्यायामशाळेत सल्ल्याविना घेतलेली संप्रेरके आणि परीक्षेच्या रात्री रिचवलेली कॅफीनयुक्त ऊर्जापेये यांनी रक्तदाब वाढू शकतो. ज्येष्ठमधाचे दीर्घकाळ अतिसेवनही तसेच. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जे जे पोटात जाते त्याची यादी न्यावी. लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर व मेद आणि हृदयाचा आलेख या प्राथमिक तपासण्या सरकारी रुग्णालयांत होतात. भोपाळमध्ये हमीदिया रुग्णालय, जयप्रकाश जिल्हा रुग्णालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, तर गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी केंद्रे आहेत. नियमित मोजणी आणि गोळ्यांसाठी मात्र जवळचे आरोग्य केंद्रच बरे.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे. भारतीय माणूस त्याहून बरेच अधिक खातो. भोपाळच्या चहातली चिमूट डोळ्यांना दिसते म्हणून ती अपराधी वाटते. पण खरा साठा शेव, फरसाण, पापड, लोणचे, चटणी, झटपट शेवया आणि पाव-बिस्किटांत दडलेला असतो. गोव्याच्या ताटात खारवलेली सुकी मासळी, लोणचे आणि रोजचा पाव हेच काम करतात.

घरच्या हिशेबाची एक सोपी रीत आहे. चार प्रौढांच्या घरात प्रत्येकी ५ ग्रॅम धरले, तर महिन्याला सारे मिळून ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवे, तेही बाहेरच्या खाण्यातले मीठ जमेस धरून. एक किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल तर उत्तर समोरच आहे. खाणावळीत जेवणाऱ्याला स्वयंपाकावर ताबा नसतो. त्याने वरून मीठ घेणे, रोजचे लोणचे-पापड आणि मधल्या वेळचे नमकीन एवढे तरी सोडावे. जागी फळ, दही, भाजलेले बिनमिठाचे चणे ठेवावेत.

पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमच्या मिठाचा उपयोग होतो. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.

वजन अधिक असेल तर कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एका मिलिमीटरने उतरतो. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे किंवा सायकल चालवणे पुरेसे आहे. मोठ्या तलावाचा काठ आणि वनविहाराचा रस्ता भोपाळकरांना त्यासाठी लाभला आहे. तंबाखू, गुटखा आणि सिगारेट पूर्णपणे सोडावी, मद्य टाळावे आणि सात-आठ तासांची झोप ही चैन नसून उपचाराचाच भाग मानावी.

गोळीविषयीची भीती

‘एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागते’ या भीतीने अनेक तरुण औषध टाळतात. वस्तुतः आयुष्यभर राहतो तो आजार. गोळी त्याची हानी थांबवते. रक्तदाब थोडाच वाढलेला असेल आणि अवयवांवर परिणाम नसेल, तर डॉक्टर काही महिने केवळ जीवनशैलीवर भर देऊन पाहू शकतात. तेवढ्याने भागले नाही तर औषध हवेच. सार्वजनिक आरोग्य केंद्रांत सामान्यतः अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे मीठ-पाणी काढणारे एखादे औषध यांचा पायरीपायरीने वापर होतो. ही औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य, तर जनऔषधी दुकानांत अल्प दरात मिळतात. अम्लोडिपिनने कधी पावलांवर सूज येते. असा त्रास झाल्यास गोळी परस्पर बंद न करता बदलून घ्यावी. आकडा उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे, तर औषध काम करीत आहे. वजन व मीठ खरोखर घटले तर मात्रा कमी होऊ शकते. पण तो निर्णय डॉक्टरांचा. शहर बदलताना जुनी चिठ्ठी, तपासण्यांचे कागद आणि निदान महिनाभराच्या गोळ्या सोबत असाव्यात. उपचार तुटतो तो बहुधा अशा स्थलांतरातच.

तरुण स्त्रियांसाठी

टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या औषधांनी गर्भाला अपाय होतो. मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रीने तो डॉक्टरांना आधीच सांगावा, म्हणजे लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा अशा पर्यायांवर जाता येते. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून सर्व औषधे बंद करणेही तितकेच धोक्याचे. त्याच दिवशी सल्ला घ्यावा. गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या स्त्रीने बाळंतपणानंतर दरवर्षी मोजणी करावी, कारण पुढे तो परतण्याचा संभव अधिक असतो.

तातडी केव्हा

आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, बोलणे अडखळणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही असल्यास विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे नसतील तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे आणि आकडा तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्वतःच्या मनाने दुप्पट गोळ्या घेऊ नयेत.

अठराव्या वर्षानंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब मोजून आकडा तारखेसह लिहून ठेवावा. आई-वडिलांपैकी कोणाला हा आजार असल्यास यात चुकारपणा करू नये. शिकवणी वर्ग, वसतिगृहे, महाविद्यालये आणि कार्यालये यांना एक यंत्र, एक खुर्ची आणि एक वही ठेवणे अवघड नाही. सरकारी तपासणीच्या यादीत नाव येण्यास तिशी उजाडावी लागते. दंडाला पट्टा बांधण्यास तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.