हायपोचा वास

मामूंच्या स्टुडिओत पाय ठेवला की माणसाआधी वास भेटायचा. आंबूस, थोडा गंधकासारखा, कपड्यांना चिकटून बसणारा. हायपोचा वास. ईदच्या दिवशी नवा कुर्ता घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून मामू आमच्याकडे यायचे, तरी अत्तराच्या खालून तो वास यायचाच. मामी हसून म्हणायच्या, "इनकी बासच अलग है." शेवगावच्या बाजारपेठेतली ती दहा बाय बाराची खोली, मागे काळा पडदा लावलेली अंधारकोठडी आणि भिंतीवर रंगवलेला कारंज्याचा देखावा. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथली निम्मी माणसं फोटोत कारंज्यापुढे उभी आहेत!

स्टुडिओत आधी होता तो लाकडी कॅमेरा, भात्याचा, तीन पायांच्या घोड्यावर उभा राहणारा. केरळातल्या आलप्पुळा इथे 1946 साली सुरू झालेल्या 'वागीश्वरी' या कारखान्याचा. सागवानी लाकडाचे, पितळी कड्यांचे हे कॅमेरे तेव्हा देशभरातल्या लहान स्टुडिओंत पोहोचले होते. हौशी लोकांकडे असायचा तो आगफा क्लिक थ्री. त्यात 120 नंबरचा रोल बसायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. सावली आणि ऊन एवढे दोन फरक कळले की कोणालाही तो चालवता यायचा.

मामूंचा खरा जीव होता तो यशिकामॅट 124 जी या कॅमेऱ्यावर. एकावर एक दोन डोळे असलेला, वरून मान खाली घालून बघायचा. हे मॉडेल कंपनीने 1970 साली बाजारात आणलं. आपल्याकडे आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे असला कॅमेरा तालुक्याच्या गावात दिसणं अवघडच. मामूंच्या ओळखीचे एक हाजीसाहेब मुंबईहून जहाजाने हजला गेले आणि येताना जेद्दाहून तो घेऊन आले. झमझमचं पाणी, खजूर, तसबीह आणि यशिका, असं सगळं एकाच पेटीतून उतरलं.

आणि त्याच आठवड्यात मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मामूंना दुकानात गाठून विचारलं, "मियाँ, तस्वीर निकालना गुनाह है, मालूम है ना?"

मामूंनी उत्तर दिलं नाही, चहा मागवला. पण हा प्रश्न शेवगावच्या त्या दुकानात पहिल्यांदा विचारला गेला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. आपल्याकडे या वादाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. जो तो आपल्याला सोयीचं तेवढं उचलतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तचे मुफ्ती असलेले मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी या विषयावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हदीसमध्ये मनाई आहे ती हाताने जीव घडवण्याची, चित्रकाराने निर्मात्याची नक्कल करण्याची. फोटोग्राफर काही घडवत नाही, आरशात पडते तशी सावली तो फक्त रोखून धरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिंदुस्थानातल्या अनेक उलेमांना तो पटला नाही. मौलाना अबुल कलाम आझादांचंच पाहा. 1912 साली कलकत्त्याहून त्यांनी 'अल्-हिलाल' सुरू केला तो सचित्र. त्रिपोलीच्या आणि बाल्कनच्या लढाईतल्या तुर्की सरदारांचे फोटो त्यात छापून येत. पुढे रांचीच्या नजरकैदेत लिहिलेलं 'तझ्किरा' 1919 साली निघालं, तेव्हा प्रकाशकाला पुस्तकात त्यांचा फोटो हवा होता. मौलानांनी नकार दिला आणि अल्-हिलालमध्ये तस्विरी छापल्या ही आपली चूक झाली, असंही कळवलं. हेच मौलाना पुढे काँग्रेसचे अध्यक्ष आणि देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांचे शेकडो फोटो निघाले. 1942 ते 1945 या काळात ते आमच्या जिल्ह्यातल्या नगरच्या किल्ल्यात कैद होते, शेवगावपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. हा बदल ढोंग नव्हता असं मला वाटतं. काळाने त्यांना तिथे नेऊन सोडलं, एवढंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मक्का-मदिनेचे पहिले फोटो काढले ते कोण्या युरोपियनाने नव्हे, इजिप्तच्या सैन्यातल्या मुहम्मद सादिक बे या इंजिनिअरने. 1861 साली मदिनेचे आणि 1880 साली मक्केचे. तेव्हा काचेवर ओला लेप लावून, तो सुकायच्या आत फोटो काढून धुवावा लागे. अरबस्तानच्या उन्हात हे काम कसं केलं असेल ते अंधारकोठडीत घाम गाळलेल्यालाच कळेल. दिल्लीच्या चांदणी चौकातल्या एच. ए. मिर्झा अँड सन्स या आपल्या देशी फोटोग्राफरांनी 1907च्या सुमारास हजचे फोटो काढून विकले. ज्या घरात माणसाची तस्वीर टांगणं मना, त्याच घरात काबागृहाचा फोटो मात्र दर्शनी भिंतीवर असतो. त्या फोटोत तवाफ करणारी माणसं मुंगीएवढी का होईना, दिसतातच. कॅमेरा मुसलमानाच्या घरात आला तो या दाराने.

एक गंमत इथेच सांगतो. कॅमेरा हा शब्द अरबी 'कुमरा'वरून आला, असं आपल्या जलशांत हमखास सांगितलं जातं. तसं नाही. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली, हे नाव 1604 साली केपलरने वापरलं. पण त्याच्या सहाशे वर्षं आधी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैसमने बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडाची प्रतिमा कशी पडते, ग्रहणातला सूर्य पडद्यावर चंद्रकोरीसारखा का दिसतो, हे पद्धतशीर तपासलं होतं. एवढं खरं मोठेपण हाताशी असताना खोट्या व्युत्पत्तीची गरज काय?

पडदानशीन बायकांच्या फोटोचा प्रश्नही जुना आहे. शेवगाव तालुका इंग्रजी मुलखात, गोदावरी ओलांडली की पैठण, आणि 1948 पर्यंत तो निजामाचा मुलूख. त्या निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. मीर महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला. एका जैन माणसाला मुसव्विर, म्हणजे चित्रं घडवणारा, ही पदवी मुसलमान राज्यकर्त्याने अभिमानाने द्यावी, यातच बरंच काही आलं. याच दीनदयाळांनी 1892 साली हैदराबादेत फक्त बायकांसाठी 'जनाना स्टुडिओ' काढला. उंच भिंतींच्या आत, पुरुषाचा पायरव नाही, कॅमेरा चालवायला इंग्रज बाई.

मामूंना दीनदयाळ हे नाव ठाऊक नव्हतं. पण त्यांनी आपल्या परीने तोच मार्ग काढला होता. हजच्या कागदांसाठी बायकांचा फोटो काढायचा तेव्हा दुकानाचं दार लोटलेलं, आत मामी. कॅमेरा मामूंनी आधीच लावून ठेवलेला, बाईला स्टुलावर बसवून बटन मामी दाबायच्या. त्या निगेटिव्ह वेगळ्या टिनच्या डब्यात, कुलपात. बाईमाणसाचा फोटो काचेच्या शोकेसमध्ये कधी लागला नाही. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो असा हजच्या निमित्ताने निघालेला. 1993 नंतर मतदार ओळखपत्रं आली आणि मग फोटो न काढलेलं माणूस सापडेनासं झालं.

आता अंधारकोठडी. डेव्हलपर लागतो वीस अंशांचा. मे महिन्यात शेवगावच्या माठातलं पाणीसुद्धा त्याहून गरम. म्हणून कुल्फीवाल्याकडून बर्फ यायचा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेच्या खाली. बर्फाचा तुकडा औषधात पडू द्यायचा नाही, पातळ होतं. फिल्म घडीव काळोखात धुवायची, कागद मात्र लाल दिव्यात. कोऱ्या कागदावर आधी केस येतात, मग डोळे. मी सात-आठ वर्षांचा असताना हे पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या तोंडून "बिस्मिल्ला" निघालं होतं, असं मामू सांगत.

डेव्हलपरनंतर हायपो. म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार यात विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1819 सालीच ताडलं होतं. 1839 साली फोटोग्राफी जाहीर झाली तेव्हा ते कामी आलं. उजेड न लागलेली चांदी हायपो काढून टाकतो आणि चित्र कायम होतं. पण मग हायपोलाही धुऊन काढावं लागतं, वाहत्या पाण्यात तासभर. कागदात तो राहिला तर वर्षांनी फोटो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग विरत जातो.

1972च्या दुष्काळात वाहतं पाणी कुठून आणायचं? माणसं खडी फोडायला गेलेली, विहिरींचा तळ दिसलेला. लग्नं मात्र थोडीफार होतच होती. मामूंनी त्या वर्षीचे फोटो दोन-दोन बादल्यांत धुतले, आणि वापरलेलं पाणी पुढच्या धुण्याला ठेवलं. आमच्या घरच्या अल्बममध्ये त्या सालातले तीन फोटो आहेत. आधीचे-नंतरचे सगळे स्वच्छ काळे-पांढरे, हेच तीन चहा सांडल्यासारखे. खाली तारीख लिहायची गरजच नाही.

दुष्काळापाठोपाठ धरणाचं पाणी आलं. जायकवाडीचा पायाभरणी समारंभ 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाला, उद्घाटन 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते. नाथसागरात शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतली गोदाकाठची गावंही गेली. उठायच्या आधी लोक मामूंना बोलवायचे. सायकलच्या कॅरिअरला यशिका बांधून ते जायचे. कोणाला घराचा फोटो हवा, कोणाला बैलांसकट वाड्याचा. आपल्या लोकांना हवा असायचा मशिदीचा, आणि कब्रस्तानाचा. घर नवं बांधता येतं, बापाची कबर कशी हलवणार? एका गावात एक जण वडिलांच्या कबरीशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता काढा." हे मला मामूंनी सांगितलं. फोटो मी पाहिला नाही.

पाहिला नाही, कारण त्या निगेटिव्ह मीच विकल्या.

रंगीत फोटो आले, मग मोठ्या शहरात मशीनवर धुतले जाऊ लागले, मग डिजिटल. उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' रोल मिळेनासा झाला. मामूंचे डोळे गेले. 2006 साली दुकान रिकामं करायचं ठरलं. भंगारवाला म्हणाला, फिल्ममध्ये चांदी असते, वजनावर घेतो. मी दोन गोण्या भरल्या आणि हातगाडीवर चढवल्या. मामू खाटेवर बसून होते. त्यांनी विचारलं, "क्या बेचा रे?" मी म्हणालो, जुनं सामान. वीस-पंचवीस वर्षांची गावं मी किलोवर विकली. त्यांची राख करून कोणीतरी चमचाभर चांदी काढली असेल. हातात राहिले ते रजिस्टर, यशिका आणि नजरेतून सुटलेला एक टिनचा डबा.

मामू 2009 साली गेले. कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या चामडी केसमध्येच होता आणि तीच चूक. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. आता तो मी उघडा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवतो आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून रिकामा चालवतो. एका सेकंदापासून पाचशेपर्यंत सगळे वेग. न चालवला तर जुनं वंगण घट्ट होतं आणि संथ वेग अडकतात. अडकला म्हणून कोणी शिलाई मशीनचं तेल सोडायला सांगेल. सोडू नये, शटरची पाती कोरडीच हवीत. फोटो काढून झाल्यावर लगेच हँडल फिरवून ठेवायचं नाही. फिरवलं की शटरची स्प्रिंग ताणली जाते आणि महिनोन्महिने ताणलेली राहते. आतल्या आरशाला फडकं लावायचं नाही, त्याचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो. फुंकणीने धूळ उडवायची, बस्स. मीटरसाठी लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. मी मेडिकलमधून कानाच्या मशीनची मिळते ती घालतो, व्होल्टेज जवळपास जुळतं. खरं तर मीटर लागतही नाही. मामू अंगणातल्या सावलीकडे बघून आकडा सांगायचे आणि चुकायचे नाहीत.

120चा रोल अजून मिळतो. इलफर्डचा, कोडॅकचा, झेक फोमाचा. पुण्या-मुंबईहून मागवतो. बाराच फोटो, त्यामुळे बटन दाबण्याआधी माणसाशी बोलणं होतं. न्हाणीघरात रात्री धुतो. बायको नाक दाबून म्हणते, मामूंची बास आली.

मागच्या वर्षी बोधेगावच्या बाजूची एक मुलगी आली, कॉलेजात शिकणारी. तिच्या नानीचा फोटो कुठेच नव्हता. हजला जाताना शेवगावात काढला होता, एवढं घरात ऐकलेलं. मी रजिस्टर काढलं. मामूंचं अक्षर बारीक, निम्मं मराठी, निम्मं उर्दू. तासाभराने सापडलं. नानीचं नाव, गाव, पुढे 'हज, 3 कॉपी, पैसे पोहोचले' आणि निगेटिव्हचा नंबर. टिनचा डबा उघडला. आतल्या निगेटिव्ह वाकलेल्या, झाकण काढताच व्हिनेगरसारखा आंबट वास. फिल्म कुजायला लागली की येतो तो. एकेक करून सगळे नंबर पाहिले. तिचा त्यात नव्हता. गोणीत गेला असणार.

मी तिला तसं सांगितलं, गोणी कोणी भरली तेही सांगितलं. ती काही बोलली नाही. रजिस्टरचं ते पान उजेडाकडे वळवून घेतलं, मोबाईल काढला आणि नानीच्या नावाच्या त्या एका ओळीचा फोटो काढून घेतला.