हेमाकाची कबर कोणाची?

१/ इजिप्तच्या पहिल्या राजवंशातील राजा देन याच्या दरबारी हेमाका नावाचा मुद्राधारक होता. मुद्राधारक म्हणजे राजाच्या मोहोरेचा, पर्यायाने राज्याच्या कोठारांचा रखवालदार. पाच हजार वर्षांपूर्वीच्या या अधिकाऱ्याकडून विसाव्या शतकात त्याची कबरच हिरावून घेतली गेली, त्याची ही हकिकत.

२/ सक्कारा येथील ही मस्तबा (अरबीत या शब्दाचा अर्थ बाक) कच्च्या विटांची आहे. लांबी सुमारे ५७ मीटर, रुंदी २६ मीटर, आणि वरच्या बांधकामात तब्बल ४५ कोठारे. वॉल्टर एमरी यांनी १९३६ मध्ये येथे उत्खनन हाती घेतले, तेव्हा शेकडो बाण सापडले. हरणामागे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांची एक देखणी दगडी तबकडी मिळाली. एका गोल लाकडी पेटीत पपायरसची गुंडाळी होती. ज्ञात पपायरसांत ती सर्वांत जुनी. मात्र तिच्यावर एकही अक्षर नाही! मडक्यांच्या मातीच्या झाकणांवर ठसे होते हेमाकाचे. म्हणून १९३८ च्या ग्रंथात एमरींनी कबर त्याचीच मानली.

३/ पुढे सक्काऱ्यात अशाच भव्य मस्तबा निघत गेल्या आणि एमरींचे मत पालटले. दक्षिणेकडे अबायडोस येथे पेट्री यांनी खोदलेल्या राजांच्या कबरी यांच्यापुढे लहान भासत. सेवकाचे घर धन्याच्या घराहून मोठे कसे? तेव्हा खऱ्या राजकबरी सक्काऱ्याच्या, अबायडोसच्या केवळ स्मारकवजा, असा त्यांचा निष्कर्ष. हेमाकाची मस्तबा देनच्या नावे झाली.

४/ १९६६ मध्ये बॅरी केम्प यांनी या तर्काची मेख काढली. अबायडोसच्या राजाचे स्मारक दोन भागांत विभागलेले होते: वाळवंटात कबर आणि काही अंतरावर, शेतजमिनीच्या काठाला, विटांच्या भिंतींचे प्रचंड आवार. एमरींनी केवळ कबर मोजली होती. शिवाय सक्काऱ्यातील मोठ्या मस्तबा राजांच्या संख्येपेक्षा अधिक भरतात. मेरका या अधिकाऱ्याचा, पदव्यांनी भरलेला शिलापट्टही तेथेच मिळाला आहे. आज बहुतेक अभ्यासक केम्प यांच्या बाजूचे आहेत, आणि मलाही तेच पटते. आकारावरून मालक ठरवणे मुळातच घाईचे होते.

५/ देनच्या अबायडोसमधील कबरीत आबनुसी लाकडाची एक चिमुकली चिठ्ठी सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीवर उत्सवात धावणारा राजा कोरलेला आहे, आणि त्याच चिठ्ठीवर मुद्राधारक हेमाकाचे नाव आहे.