मोक्षपटावरचे भूत

सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर मांडते. पुरावा तोकडा आहे. तरीही ज्या नेवाशात शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहून या पटासाठी घरच्या घरी भुताची सोंगटी घडवण्याचा मोह आम्हांला आवरला नाही.

अडचण पहिल्याच डावात उमगली. काम, क्रोध हे पटावरचे साप माणसाला खाली ओढतात आणि सोडून देतात. भूत सोडत नाही. ते माणसाच्या जागी खेळू लागते. पण मोक्षपटात चाल ठरते कवड्यांच्या दानाने. खेळणाऱ्याला जिथे इच्छाच नाही, तिथे भुताने हिरावायचे काय? म्हणून प्रत्येकाला दोन सोंगट्या दिल्या. कोणती चालवायची, ही निवड त्याची. भूत तेवढीच घेते.

मग रूपाचा प्रश्न. आमचे पहिले चित्र केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईचे होते. म्हणजे भुताचे नव्हेच, लोकभाषेत ज्याला 'झाड' म्हणतात त्या पछाडलेल्या माणसाचे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मार खाते ते झाडच. (महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने हा गुन्हा आहे.) चित्र फाडले.

गोदेपलीकडच्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भुतावर भारूड रचले. त्यात भूत दिसत नाही. दिसतात ती झपाटलेली माणसे, अरण्यात उभा राहिलेला ध्रुवसुद्धा. आमची सोंगटीही कोरीच ठेवली. ती ज्या घरात येते, तिथल्या खेळाडूची पुढची निवड शेजारचा करतो. कधी सापाच्या तोंडी, कधी थेट वैकुंठाच्या घराकडे.